दुधभरीची ओळ

भागीरथाबाईच्या तोंडी लागू नये, हे सौंदडच्या बाजारात भाजी विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे. वांगं उचलेल, दाबेल, परत पाटीत टाकेल आणि चारचौघांत विचारेल, "काय गा, हे वांगं होय का सायकलचं टायर?" भाव उतरवून दिलेला परवडतो, बाई तिथं उभी राहिलेली परवडत नाही. साठी केव्हाच उलटली, पुढचे दात गेले, उठता-बसता गुडघे कुरकुरतात, पण जीभ आहे ती नवीच्या नवी. तिची सून रीना म्हणते, "आमच्या मायचं सगळं म्हातारं झालं, तोंड तेवढं राहिलं."

पण हीच बाई रोवण्याच्या दिवसांत चिखलात उतरली, लुगड्याचा काष्टा आवळला आणि गाण्याची पहिली ओळ फेकली की मग काय सांगावं! आवाज काही मधात घोळलेला नाही हो. जाडाभरडाच आहे. पण या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जातो आणि सकाळपासून वाकून वाकून मोडायला आलेल्या बायांच्या पाठीत जीव येतो. शेजारच्या रानातला ट्रॅक्टरवाला यंत्र बंद करून ऐकत बसतो आणि मालकाच्या शिव्या खातो. मी पाहिलेलं सांगतो आहे, ऐकीव नाही.

आमच्याकडं धान रोवतात. आधी पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, वाढवायचे, मग ते उपटून त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत एकेक काडी खोवत मागं मागं सरकायचं. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, बांधलेला शेताचा तुकडा. प्रत्येक बांधीला नाव असतं, माणसाला असतं तसं. हे खोवायचं काम बायांचं. त्यांची टोळी असते आणि टोळीची एक म्होरकी. म्होरकीनं पहिली जुडी सोडायच्या आधी त्या बांधीचं नाव घ्यायचं, तिच्यावर ओळ गायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. उचलली तर ओळ गाण्यात राहिली. नाही उचलली तर चिखलात गेली, पुन्हा ती कोणी गात नाही. हा कायदा कोणत्या सरकारनं केला नाही, पण आमच्या बाया सरकारचा कायदा मोडतील, हा मोडणार नाहीत.

भागीरथाबाई म्होरकी झाली ती एनटोल्यात. एनटोला तुम्हाला सापडणार नाही. नकाशावर त्या जागी निळा रंग आहे. धरण झालं, पाणी चढलं आणि गाव उठलं. गंमत बघा, एनटोल्याचा स्वतःचा जुना तलाव होता, तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीतल्या पाटलांच्या पूर्वजांनी आखलेला आणि भागीरथाबाईच्या सासरच्या पूर्वजांनी डोक्यावर माती वाहून उभा केलेला. मोठ्या पाण्यानं लहान पाणी गिळलं. तलाव तलावात बुडाला, दुसरं काय!

मग सौंदडच्या पुढं रस्त्याला लागून प्लॉट पाडले, घरांना नंबर दिले आणि एनटोल्याची माणसं तिथं आणून बसवली. भागीरथाबाईच्या घराचा नंबर बी-सतरा. सुरुवातीला आजूबाजूची माणसं त्यांना एनटोल्याचे म्हणायची. पुढं प्लॉटवाले म्हणू लागली. आणि नळावर भांडण झालं की बुडीतवाले. गावात घर नाही अन् रानात शेत नाही, अशी गत. भागीरथाबाईचा नवरा जागेश्वर या प्लॉटवर फार दिवस रमला नाही. सकाळी उठून रानात जायची सवय, जायला रान नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहून ट्रक बघायचा. एक दिवस बघता बघताच गेला बिचारा. मुलगा प्रफुल्ल रायपूरकडं गाडीवर असतो. घरात सासू-सुना दोघीच, आणि दोघी मिळून दुसऱ्यांच्या रोवण्याला जातात.

दुसऱ्याच्या बांधीत दुसऱ्याच्या बांधीचं नाव घ्यायचं, हे भागीरथाबाई शिकली. पोटासाठी शिकावंच लागतं. पण एनटोल्याचं गाणं तिनं टाकलं नव्हतं. अंगण झाडताना, तांदूळ निवडताना ती ते एकटीच म्हणायची. आंबाबांधी, लांबडी, तीनकोनी, घोरपडी आणि शेवटी तिची स्वतःची टीचभर कवडी.

कवडी माझी कवडी, टोपलीभर धानाची,
बुडाली गं सईबाई, तरी माझ्या नावाची.

आता अंगणात एकटीनं म्हटलेली ओळ कोण उचलणार? प्लॉटवर जन्मलेल्या पोरींना घोरपडी म्हणजे झाडावरचं जनावर, बांधी नव्हे. रीना लग्न होऊन आली तीच नंबरच्या घरात, तिनं एनटोला पाहिलाच नव्हता. म्हातारीला एकच घोर होता. आपण गेलो की गाणं जाणार, आणि गाणं गेलं की गाव खरोखर बुडालं. आत्तापर्यंत तर नुसतं पाण्याखाली होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं उतरलं. कोणीतरी येऊन सांगितलं, एनटोल्याच्या तलावाची पाळ दिसून राहिली म्हणून. झालं! भागीरथाबाईनं दुसऱ्याच सकाळी रीनाला उठवलं, ऑटो केला आणि गेली. गावाच्या जागी भेगाळलेला गाळ, कडकडीत उन्हात वाळून पोपडे धरलेला. रीनाला वाटलं, म्हातारी आता ऊर बडवणार. पण ही कसली बडवते! ही चप्पल हातात घेऊन तरातरा चालायला लागली. धुरे गाळाखालीही उंच राहतात ना, तेवढ्यावरून ओळखायची. "हे लांबडी. हे पाह्य, घोरपडी! मी म्हनत होती ना, हे सोडत नसते माती." स्वतःच्या कवडीवर पोचली तेव्हा मात्र मटकन बसली आणि गाळावर हात फिरवत राहिली. रीना तिच्याशेजारी बसून रडली, आणि आपण का रडतो आहोत हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

परतताना तलावाच्या पाळीखाली एक भलीमोठी बांधी लागली. साऱ्या गावात तेवढी मोठी दुसरी नव्हती. कडेला ढासळलेल्या विहिरीचा दगडी गोल. भागीरथाबाईनं तिला वळसा घातला, तिच्यावर पाय दिला नाही.

"माय, हे कोनाची होती वं, एवढी मोठी?" रीनानं विचारलं.

"होती एकाची," म्हातारी म्हणाली आणि चालत राहिली.

त्या दिवसापासून तिच्या जिभेवर एनटोला बसला. आणि तिथंच घात झाला.

रोवण्याला सुरुवात झाली तेव्हा टोळी पहिल्यांदा उमरावजींच्या रानात लागली. उमरावजी कोहळी शेतकरी, जुन्या वळणाचा माणूस. पणजोबानं तलाव बांधला याचा त्यांना इतका अभिमान की तुम्ही नुसतं "पाणी काय म्हणतं?" विचारलं तरी पणजोबापासून सुरुवात होते. दुसरे शेतकरी आता गाण्याबिण्याचं मनावर घेत नाहीत, कुठं कुठं तर धुऱ्यावर मोबाइल वाजत असतो. उमरावजींचं तसं नाही. पहिली जुडी सुटताना ते स्वतः धुऱ्यावर टोपी घालून उभे राहणार, नाव कान देऊन ऐकणार. त्यांच्या पहिल्या बांधीचं नाव सोनबरडी.

बाया रांगेत उभ्या राहिल्या. उमरावजींची बायको सुभद्राबाई चहाची किटली घेऊन धुऱ्यावर आली होती. भागीरथाबाई वाकली. पायाच्या बोटांतून गार चिखल वर आला आणि त्या वासानं बाईला कुठं नेऊन सोडलं कोणास ठाऊक. तिनं डोळे मिटले आणि ओळ फेकली.

आंबाबांधी गं आंबाबांधी, आंबा वाकला धुऱ्याला,
पाड लागला सईबाई, राघू आला गं चाऱ्याला.

टोळीत एनटोल्याच्या तीन-चार जुन्या बाया होत्या. त्यांनी विचार न करता ओळ उचलली, बाकीच्या त्यांच्यामागून गेल्या. भागीरथाबाईला तर काय, रानच मोकळं झालं. लांबडी झाली, तीनकोनी झाली, मग घोरपडी आली.

घोरपडी गं घोरपडी, कशी चिकटून राहिली,
गाव उठलं सईबाई, तिनं माती नाही सोडली.

"ए बाई! थांब! थांब म्हनतो ना!" पहिल्या ओळीपासून चक्रावलेले उमरावजी आता धुऱ्यावरून ओरडले. टोपी हातात आली होती. "कोनत्या गावचं नाव घेऊन राहिली वं तू?"

भागीरथाबाईनं डोळे उघडले. समोर सोनबरडी होती.

"जितं रान आहे माहं," उमरावजी टोपी झटकत म्हणाले, "आन तू पहिल्या जुडीले बुडालेल्या बांध्यायचं नाव घेतं? धान बुडवतं का माहा? पनजोबाच्या काळापासून या रानात असं अभद्र झालं नाही!"

खरं सांगायचं तर म्हातारा नुसता तऱ्हेवाईकपणा करत नव्हता. ज्या बांधीचं नाव घ्याल तिचं नशीब पिकाला लागतं, असं आमच्याकडं सगळेच मानतात. भागीरथाबाईही मानते. चूक तिचीच होती आणि ते तिला कळत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ कुठं जातो? "चुकलं" म्हणायचं सोडून ती म्हणाली, "नाव घेतल्यानं बुडत असतं ना मालक, तर आमचं गाव काऊन बुडालं? तिथं तर बुडालेल्या बांधीचं नाव कोनी घेतलंच नोतं!"

मग काय विचारता! उमरावजींनी टोळीला तिथल्या तिथं बाहेर काढलं. बाया चिखलाच्या पायांनी रस्त्याला लागल्या. तेवढ्या गोंधळात एक गोष्ट कोणी पाहिली नाही. चहाची किटली तशीच धुऱ्यावर ठेवून सुभद्राबाई घराकडं निघून गेली होती.

रीना घरी पोचली. दार लावलं आणि मग फुटली. "पान्यात राहून माशाशी वैर कायले करता माय तुमी? उद्या सगळ्या गावात होईल, प्लॉटवाल्या बाया अभद्र गातात म्हनून. कोन बोलावन आपल्याले? माह्या एकटीचं नाही, साऱ्या टोळीचं पोट आहे त्याच्यावर. तुमी रोवाले या, पन गाऊ नोका. हात जोडतो तुमाले, गाऊ नोका."

भागीरथाबाईनं कधी नव्हे ते शब्दाला शब्द दिला नाही. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्याखाली पाट टाकून बसली. गाणं बंद! आणि तेही आपल्याच सुनेच्या तोंडून. एनटोला उठला त्या दिवशीही तिला इतकं पोरकं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान सगळे मिळून रडले होते.

दिवेलागणीला दारात कोणीतरी उभं राहिलं. रीनानं बघितलं तर सुभद्राबाई. डोक्यावर पदर, पायात घाईनं घातलेल्या वेगवेगळ्या चपला. रीनाला वाटलं, मालकीण भांडायला आली म्हणायची! तिनं "या बाई, बसा" म्हणत आतून पाण्याचा तांब्या आणला आणि मग तो द्यावा की न द्यावा अशी तिथंच घुटमळली. कोहळ्यांची म्हातारी माणसं अजून आपल्याकडचं पाणी घेतीलच असं नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

सुभद्राबाईचं पाण्याकडं लक्षच नव्हतं. ती भागीरथाबाईकडं बघत होती. "वयनी," ती म्हणाली.

भागीरथाबाई दचकली. गावची लेक गावच्या सुनेला वयनी म्हणते, ती रीतच आहे. पण पाटलाची लेक आपल्या वस्तीतल्या सुनेला म्हणत नव्हती. कधीच म्हटलं नव्हतं. सुभद्राबाई एनटोल्याच्या बिसराम पाटलाची मुलगी. लग्न होऊन इकडं आली त्याला किती वर्षं झाली. भागीरथाबाई तिच्या रानात दरसाल राबायची, ती चहा आणून द्यायची, पण दोघींनी एकमेकींपाशी एनटोल्याचं नाव काढलं नव्हतं.

"वयनी, मी धुऱ्यावर उभी राहून ऐकत होती," सुभद्राबाई म्हणाली. "आंबाबांधी घेतली. लांबडी घेतली, तीनकोनी घेतली. मी वाट पाहत होती. माह्या बापाची दुधभरी नाही आली. लांबडीले लागूनच होती ना ते? तुमी तिच्यावरून उडी मारून गेल्या. काऊन?"

"बसा बाई," भागीरथाबाई म्हणाली.

"बसाले नाही आली मी. भाऊ चंद्रकुमार नागपूरले फ्लॅटमंदी राहते. राखीले जातो तर त्याची बायको टीव्ही पाहून राहते. माहेर म्हनाले मले आता काही नाही उरलं. तुमच्या गान्यात आहे म्हनून आज कळलं, आन त्याच्यात माह्या बापाचीच बांधी नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरले. "बुडालेल्या गावातूनही बाहेर काढलं काय आमाले?"

रीनाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिला उन्हाळ्यातला तो वळसा आठवला.

भागीरथाबाई हळूहळू बोलली. एवढ्या हळू बोलताना तिला कोणी पाहिलं नव्हतं. "मी नवी नवरी होती, बाई. पहिला रोवना माहा. प्रफुल्लच्या आधीचा एक होता माह्या पोटात. दुधभरीच्या काठावर तुमची विहीर. आमाले हात लावाचा नाही, कोनी ओतलं तर ओंजळीनं पेयाचं. त्या दिवशी कोनी ओतालेच नाही आलं. उन्हानं जीव कासावीस झाला तं मी सोडला पोहरा आन पेली. तुमच्या बाबानं पाह्यलं. पोहऱ्याचा दोर कापला. दिवसभर मानसं लावून विहीर उपसली, आमच्या डोळ्यासमोर. तितकं पानी, बाई! तितकं पानी धुऱ्यावरून वाहून गेलं आन आमी तहानेल्या रोवत राहिलो."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "माही सासू तेव्हा म्होरकी होती. तिनं त्याच दिवशी गानं बंद केलं. म्हने, ज्या बांधीनं पानी नाही देल्लं, तिले आपून नाव नाही द्याचं. तवापासून दुधभरी मुकीच रोवली. दरसाल. तुमच्या बाबाले पत्ताही नोता. त्यायले वाटे बाया थकल्या असन."

रीना लग्न होऊन आली तेव्हापासून सासूचं तोंड ऐकत होती. हे मात्र त्या तोंडानं तिला कधीच सांगितलं नव्हतं.

सुभद्राबाई उंबऱ्यावरच बसली. खाली बघतच ती बोलली. "दोर कापाले विळा पाहिजे होता बाबाले. मीच धावत जाऊन घरून आनला. लहान होती मी. बाबानं शाबासकी देल्ली."

मग तिनं हात पुढं केला, रीनाच्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी प्यायली. त्याचं फार कौतुक करू नका. भागीरथाबाईनंही केलं नाही. पाणी प्यायल्यानं उपसलेली विहीर भरत नाही, एवढं तिला कळतं.

"एवढ्या वर्सानं मागतो," सुभद्राबाई म्हणाली, "नाव घ्या वयनी तिचं. एकदा घ्या. कानानं ऐकन मी."

"नाव घेईन," भागीरथाबाई म्हणाली, "तर विहिरीसकट घेईन. विहीर वगळून दुधभरी मले माहीतच नाही. आन चारचौघांत घेईन, तुमच्या बापाच्या नावाले लागलं तर लागलं. ते चालत असन तर सांगा."

सुभद्राबाई उठली. चालेल म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. अंधारात तिच्या त्या वेगवेगळ्या चपलांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला.

इकडं उमरावजींची पंचाईत झाली होती. दुसऱ्या टोळ्या आधीच ठरलेल्या, कोणी यायला मोकळं नाही आणि पऱ्हे थोडेच थांबतात! दिवस चढले की तेही म्हातारे होतात, मग रोवून उपयोग नाही. तरी म्हातारा हट्टाला पेटलेला. घरात काय झालं ते मला टोळीतल्या बायांकडून कळलं आणि त्यांना मालकाच्या गड्याकडून, तेव्हा थोडं तिखटमीठ धरा. सुभद्राबाई म्हणे चुलीपुढून उठली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "बुडालं ते माहं माहेर आहे. त्याच्या नावानं तुमचं धान बुडत असन तर बुडू द्या. चाळीस वर्सं तुमच्या पनजोबाचा तलाव ऐकला मी. माह्या पनजोबाचाही होता एक." उमरावजींनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली आणि टोळीला निरोप धाडला.

टोळी परत आली. भागीरथाबाईही आली, पण रांगेच्या कडेला, मुकाट. सोनबरडीचं नाव टोळीतल्या दुसऱ्या एका बाईनं घेतलं, कसंबसं. मग दिवसामागून दिवस बांध्या भरत गेल्या. काम होत होतं, पण त्यात मजा नव्हती. बाया लवकर थकत होत्या, एकमेकींवर खेकसत होत्या. शेवटी रीनालाच राहवेना. "माय, एखादी ओळ तरी," ती वाकल्या वाकल्या म्हणाली. भागीरथाबाई पुढची काडी खोवत राहिली. आता हिला सांगा! आपणच बंद पाडलं आणि आपणच मागते आहे.

रोवण्याचा शेवटचा दिवस आला. शेवटच्या बांधीची शेवटची जुडी मालकिणीनं स्वतः चिखलात उतरून रोवायची, आणि त्या वेळी म्होरकीनं पहिल्या बांधीचं नाव पुन्हा गायचं, ही आमच्याकडची रीत. त्यात दुसरीनं गाऊन चालत नाही. उमरावजी धुऱ्यावर उभे होते, कपाळाला आठ्या घालून. सुभद्राबाईनं लुगडं खोचलं आणि उतरली. पोटरीभर चिखल. वर्षाकाठी ही एकच जुडी ती रोवायची, पायांना सवय कुठली! पाय घसरला तसा तिनं शेजारी दिसेल तो खांदा धरला. तो भागीरथाबाईचा होता.

भागीरथाबाईनं आधी उमरावजींकडं पाहिलं आणि खणखणीत आवाजात त्यांची बांधी घेतली.

सोनबरडी गं सोनबरडी, तळं उशाला भरलं,
मालकाच्या सईबाई, कोठीत धान नाही मावलं.

बायांनी असा काही जोर लावून ओळ उचलली की शेजारच्या रानातले बगळे उडाले. इतक्या दिवसांचं तुंबलेलं होतं ना! उमरावजींच्या आठ्या सैल पडल्या. मान हलली थोडी. झालं, रीत झाली, आता जुडी रोवायची आणि चिखल धुवायचा, असं वाटून रीनानं सुटकेचा निःश्वास टाकला.

पण भागीरथाबाई थांबली नाही. खांद्यावर सुभद्राबाईचा हात तसाच होता. तिनं नेहमीपेक्षा हळू, शब्द न् शब्द सुटा करत म्हटलं.

दुधभरी गं दुधभरी, लोंबी दुधानं भरली,
काठी विहीर सईबाई, टोळी तहानेली राहिली.

कोणी उचलली नाही.

कशी उचलतील? एनटोल्याच्या बायांनी ती विहीर ओळखली आणि त्यांच्या माना खाली गेल्या. मालकिणीच्या बापाची गोष्ट, मालकीण चिखलात समोर उभी, मालक धुऱ्यावर. बाकीच्यांना ओळीचा अर्थ लागला नाही, पण जुन्या बाया गप्प झाल्या तशा त्याही गप्प झाल्या. रीनानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला साऱ्या टोळीचं पोट दिसत होतं. धुऱ्यावरून उमरावजी बायकोकडं बघत होते, काय होतं आहे ते त्यांना कळत नव्हतं.

भागीरथाबाईला मात्र कळत होतं. ओळ उचलली गेली नाही, ओळ गेली. तिनं आपल्या सासूचा शब्द मोडला होता, जन्मभर मुकं ठेवलेलं नाव तोंडाबाहेर काढलं होतं, आणि ते सगळं चिखलात चाललं होतं. दुधभरीही, विहीरही. कायदा तिचाच होता, तिला पुन्हा म्हणता येणार नव्हतं. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं तर मागितल्यासारखं झालं असतं, आणि मागणं तिच्या रक्तात नाही.

सुभद्राबाईची बोटं तिच्या खांद्यात रुतली. आधी नुसता घोगरा श्वास आला. ही बाई जन्मात कधी टोळीत गायली नव्हती. धुऱ्यावर उभं राहून तिनं फक्त ऐकलं होतं.

"काठी विहीर सईबाई," ती म्हणाली. गायली नाही, म्हणालीच. मग गळा खाकरून तिनं पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी सूर लावायचा प्रयत्न केला. "काठी विहीर सईबाई... टोळी तहानेली राहिली."

अगदीच बेसूर हो, खोटं कशाला बोलू! शेवटच्या शब्दाला तर आवाज पार चिरकला. पण ओळ उचलली बाईनं. तिच्या मागून रीनानं उचलली, आणि मग सगळ्यांनी.